त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले

पुणे
गणपती आठवड्यावर आलेत

प्रिय सलोनी,

हे पाकीट तुझ्या हातात एक जवान देईल. माझ्या मैत्रिणीचा, कल्याणीचा, मुलगा आमोद तुमच्याकडे नदीवर पूल टाकतोय, त्याच्याच तुकडीतली आणखी काही मुलं उद्या खडकीहून निघताहेत. त्यांतल्या एकाच्या पिशवीत मी हे स्वतः घालून येणार आहे. फोन सोयीचा झाला असता, पण पुरात पडलेले तुमचे टॉवर अजून उभे राहिलेले नाहीत. आमोदच्या तुकडीच्या सॅटेलाइट फोनवर आपल्याला दोन मिनिटं मिळाली, तेव्हा तू नुसती 'आत्या, आत्या' म्हणत राहिलीस आणि मी 'अगं हो, अगं हो' म्हणत राहिले. त्याहून जास्त बोलायची दोघींचीही अवस्था नव्हती. आता मात्र मला बरंच सांगायचंय, आणि ते दुसरं कुणी तिथे पोचायच्या आत तुला कळायला हवंय.

एक आधीच सांगते. सांत्वनाचं वाक्य या पत्रात सापडायचं नाही. गेल्या काही दिवसांत अशी इतकी वाक्यं ऐकली आहेत की 'ईश्वरेच्छा' हा शब्द कुणी उच्चारला तरी मी उठून आत जाते. तुझं दुःख तुझं आहे, त्यावर मी माझे शब्द टाकणार नाही. मी तुला इथे काय झालं ते सांगते. ते दुःख नाही. ती निव्वळ घाण आहे, आणि तिच्यात मी पाय घालून उभी होते.

नदी फुटल्याची बातमी आम्ही सकाळच्या चहाबरोबर पाहिली. तुझे बाबा आरामखुर्चीत होते. (पुढे मी त्याला दादाच म्हणते. तुझा बाप असला तरी माझा तो भाऊ, आणि रागावायचा हक्क मला त्या नात्याने जास्त आहे.) मी शेजारी गवार मोडत बसले होते. पडद्यावर तपकिरी पाणी, पाण्यात उभे-आडवे होत जाणारे देवदार, आणि बाजूला बनियनची जाहिरात. तेवढीच चित्रफीत पुन्हा पुन्हा. मग खालच्या पट्टीवर तुमच्या गावाचं नाव आलं. मी दादाकडे पाहिलं. त्यानेही वाचलं होतं, मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याने आवाज कमी केला आणि म्हणाला, "कुसुम, चहात साखर विसरलीस." बस. एवढंच. मी आत जाऊन तुझा नंबर लावायला लागले. तो लागत नव्हता आणि मी लावत होते.

दादाला मी त्या क्षणी माफ करायला तयार होते, खरं सांगते. म्हटलं, माणूस हादरला की असंच काहीतरी बोलतो. आठ वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाची बातमी आली तेव्हा त्याने भर दुपारी गिझर लावून तुझ्या नावाने आंघोळ केली होती. म्हणीतली नव्हे, खरोखरची, टॉवेल मागून घेऊन. निवृत्त प्राचार्य, ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष, विज्ञाननिष्ठेवर व्याख्यानं देणारा माणूस! त्यानंतर तुझं नाव घरात नाही. तुझा फोटो भिंतीवरून उतरवला आणि खिळा तसाच ठेवला, त्याला पंचांग लटकवलं. जावई म्हणून बलबीर त्याला भेटायला पुण्याला आला, तेव्हा दार उघडलं नाही. मी खाली गेले तर तो पहारेकऱ्याच्या खोलीशी सफरचंदांच्या पेटीवर हात ठेवून उभा होता, पायांतले बूट आदल्या दिवशी पॉलिश केलेले. मला म्हणाला, "आत्याजी, वह नाराज़ हैं, ठीक है। पेटी रख लीजिए, सेब तो नाराज़ नहीं हैं।" पेटी मी ठेवून घेतली. दादाने त्यातली सफरचंदं महिनाभर खाल्ली. कुणाची, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माहीत होतंच त्याला.

मग मी दोन वर्षांनी यात्रा कंपनीबरोबर 'चारधामला' निघाले आणि मधल्या मुक्कामावर गुडघ्याचं निमित्त करून तुमच्याकडे उतरले, ते तर तुला ठाऊकच आहे. पहिल्या पहाटे मला वाटलं बाहेर पाऊस पडतोय, आणि बलबीर हसला होता की आत्याजी, ही नदी आहे, ही थांबत नाही. मडुव्याच्या, म्हणजे तिकडच्या नाचणीच्या, पिठाची थालीपिठं त्याला शिकवली तर त्याने चुलीसमोर बसून पहिलंच इतकं गोल थापलं की तू चिडलीस. वल्लरीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हाही त्यानेच सांगितलं की नाव पुण्याचं हवं, आत्याजी ठेवतील. एवढा साधा आणि एवढा भरलेला माणूस आपल्या घराच्या उंबऱ्याला लागला होता आणि आपण त्याला पहारेकऱ्याजवळ उभं केलं. असो. तुझ्या दुःखावर शब्द टाकणार नाही असं मी म्हटलंय.

तर तुझा फोन लागत नव्हता. दुपारी लिफ्टमध्ये माझा बांध फुटला आणि तो नेमका चौथ्या मजल्यावरच्या प्रेमलासमोर फुटला. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी होती. एरवी पार्किंगवरून एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं आमच्या दिवाणखान्यात मांडी ठोकून बसली. मी पोहे केले, कारण आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, आणि त्यांनी ते खाल्ले, लिंबू मागून घेऊन खाल्ले. सेक्रेटरी मच्छिंद्र यांनी पुराचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, त्याला कुणीतरी बासरी लावलेली, वर लिहिलेलं, 'शेवटपर्यंत पाहा.' प्रेमलाने तो माझ्यासमोर धरला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. लाटेच्या आधी काठावर काही छपरं दिसतात ना, तिथे नख टेकवून मला विचारते, "यातलं तुमच्या सलोनीचं कुठलं हो?" शेजारचे दोघं-तिघं वाकून बघायला लागले. एक जण म्हणाला, "ते निळं असेल. नाही, निळं आधीच गेलं." सलोनी, मी तिथे किंचाळायला हवं होतं. मी उठून कपबशा उचलल्या. मनात एकच येत होतं, की ही माणसं मला रोज भेटतात, आणि उद्यापासून यांच्याकडे बघायचं कसं.

दुसऱ्या दिवशी एका वाहिनीची मुलगी आली, माइक घेऊन. ती बिचारी तिचं काम करत होती. दादाने तिला अर्धा तास थांबवलं, खादीचा कुर्ता इस्त्रीला टाकला आणि मला म्हणाला, "तिचा एखादा बरा फोटो काढून ठेव. साडीतला." जो फोटो त्याने स्वतः उतरवला तोच मी माळ्यावरून काढून दिला. तो मांडीवर धरून दादा कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाला, "माझी लाडकी लेक हिमालयाच्या ओढीनं गेली. आम्ही तिला कधीच अडवलं नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आवाज घोगरा झाला होता त्याचा, अगदी योग्य जागी. नंतर मुलीने विचारलं, "आणि जावई?" दादाने मांडीवरचा फोटो सरळ केला. म्हणाला, "ते स्थानिक आहेत." जणू काही बटाटे.

मग कल्याणीचा फोन आला. कल्याणी म्हणजे एक्सचेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची ती. ट्रंक कॉल जोडण्यात आम्हा दोघींची उमर गेली, त्यामुळे तिने 'हॅलो' म्हणताच मला कळलं की बातमी अर्धी चांगली आहे. आमोदने तुम्हाला शोधलं होतं. तू आणि वल्लरी वरच्या शाळेत आहात, सासूबाई आहेत. मग ती थांबली. मी म्हटलं, सांग. बलबीरने तुम्हा दोघींना आधी वर धाडलं, मग आईला पाठीवर घेऊन आला, आणि मग खाली गोदामात पेट्या ठोकणाऱ्या नेपाळी मजुरांना काही ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा उतरला. मजूर वर आले. तो आला नाही. फोन ठेवून मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून बसले.

बाहेर आल्यावर दादाला सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून हात जोडले, तेवढं खरं होतं असं मला अजूनही वाटतं. बाप आहे शेवटी. पण डोळे उघडले ते वेगळ्याच माणसाने. म्हणाला, "नेपाळ्यांसाठी परत गेला? शहाणा माणूस असं करत नाही." तासाभरात मच्छिंद्र पेढ्यांचे खोके घेऊन हजर. ग्रुपवर दादानेच कळवलं होतं, 'लेक व नात सुखरूप.' खाली जिन्यापाशी पेढे वाटले गेले, सलोनी. टाळ्या वाजल्या. मी मच्छिंद्रांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, तिचा नवरा वाहून गेलाय. अजून सापडलेला नाही." ते म्हणाले, "हो हो, ते वाईटच झालं. पण आपली मुलगी वाचली की नाही कुसुमताई?" आपली! आठ वर्षं जिचं नाव कुणी काढलं नाही ती एका पुरात आपली झाली, आणि ज्याने तिला वर पोचवलं तो वजा झाला. मी नको नको म्हणत असताना प्रेमलाने माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी तशीच जिना चढून घरी आले आणि बेसिनमध्ये थुंकले. चूळ भरली, दात घासले. वेलदोड्याचा वास दिवसभर गेला नाही.

त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "एका अर्थी देवानं सोडवलंच तिला." आणि वाटी पुढे केली, "कोशिंबीर वाढ." मी वाढली. आयुष्यभराची सवय, हात आपोआप गेला. पण त्या चमच्याबरोबर माझ्या मनातून तो उतरला, आणि या वयात माणूस एकदा उतरला की परत चढत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लिहितानाही किळस येते. मदतीचा ट्रक काढायचं ठरलं. कपडे निवडायला मी बसले, म्हटलं निदान काहीतरी कामाचं करावं. वर येणारे गठ्ठे तू बघायला हवे होतेस. रबर गेलेले परकर, बगलेत फाटलेले गाऊन, एकेकटे मोजे, कुणाच्या तरी लग्नातली जरीची शेरवानी, आणि एका पिशवीत मखराचं थर्माकोल. एका घरातून उघडलेल्या खोकल्याच्या बाटल्या आल्या. मी त्यातलं धड असं एक बोचकं बाजूला काढलं आणि बाकीचं खाली नेऊन टाकलं, तर मच्छिंद्र म्हणतात, "अहो ताई, त्यांना थंडीत काहीही चालतं." बॅनर मात्र नवा कोरा होता. त्यावर मधोमध दादाचा फोटो, त्याखाली 'आपद्ग्रस्त कन्येचे पिताश्री', आणि कोपऱ्यात तुमचा डोंगर, टपाल तिकिटाएवढा.

आणि तुझी पुढची सोयही इथे लागलेली आहे, बरं का. दादाच्या मित्राचा मुलगा गंधार आठवतो? हिंजवडीला असतो, घटस्फोट झालाय. दादाने त्याला फोन लावला, स्पीकरवर, मी समोर असताना. बलबीरचा पंधरवडासुद्धा झालेला नव्हता. गंधार म्हणाला, "काका, आय ॲम ओपन टू इट. सलोनी वॉज ऑल्वेज नाइस. पण किडचं काय? म्हणजे, लाँग टर्म?" मला वाटलं, आता तरी दादा चिडेल. दादा म्हणाला, "त्याची काळजी नको. पाचगणीला चांगल्या निवासी शाळा आहेत." पाच वर्षांची वल्लरी, सलोनी. जिने बाप जाताना पाहिलाय. ती या लोकांना 'त्याची काळजी नको' एवढीच आहे. मी विचारलं, "सलोनीला विचारलंस?" तर माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघत म्हणाला, "ती आत्ता विचार करण्याच्या स्थितीत नाही. म्हणून तर आपण करायचा."

आता ही काही फक्त आपल्या घरातली गोष्ट नाही, हेही मला कळतं. लांबवर डोंगर कोसळला की इथल्या माणसाला आधी वाटतं, बरं झालं आपण तिथे नव्हतो. तेही समजू शकते, जिवाची भीती कुणाला नसते. पण मग ती भीती लपवायला तो हळहळतो, हळहळ लपवायला फोटो काढतो, आणि शेवटी त्याला त्या हळहळीची चटकच लागते. गेल्या आठवड्यात व्हिडिओ जुना झाला, तेव्हा ग्रुपवर पुन्हा पार्किंगचं भांडण सुरू झालं. मला चक्क बरं वाटलं. निदान ते भांडण तरी खरं होतं.

काल मी दादाचं घर सोडलं. एका बॅगेत मावेल तेवढं घेतलं आणि रिक्षाने खडकीला कल्याणीकडे आले, तिच्याच टेबलावर बसून हे लिहितेय. का सोडलं, ते ऐक, कारण त्यासाठीच हे सगळं लिहिलंय. रस्ता उघडला की दादा ट्रकबरोबर तुला न्यायला येणार आहे, वाहिनीची माणसं घेऊन. तू सहजासहजी निघणार नाहीस हे त्यालाही माहीत आहे; सासूबाईंना सोडून, बलबीर सापडलेला नसताना तू कशी निघशील? म्हणून काल दुपारी त्याने मला माझ्या खोलीत पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. प्रेमला तिचं वाफ घ्यायचं मशीन घेऊन आली होती, त्याचा मुखवटा माझ्या नाकाला लावायचा होता. मच्छिंद्र फोन धरून पायथ्याशी उभे. दादा म्हणाला, "फार काही नको. 'सलोनी, एकदा भेटून जा,' एवढंच म्हण. आवाज जरा बारीक काढ. तुझ्यासाठी ती नक्की येईल." ते मशीन मी प्रेमलाच्या हातात परत दिलं, चपला घातल्या आणि निघाले. माझ्याशिवायही ते काहीतरी जुळवतीलच, म्हणून तुला हे दादाच्या आधी पोचायला हवं. बाळ, मी आजारी नाही. साखर नाही, दम नाही, गुडघे कुरकुरतात ते पूर्वीपासूनच. तुला पुण्याला यायचं असेल तर ये. मी कल्याणीच्या शेजारचं घर भाड्याने घेतेय, तिथे तू, वल्लरी आणि सासूबाई, तिघींना जागा आहे. तिथेच राहायचं असेल तर राहा, रस्ता झाला की मीच येते आणि पडेल ते काम करते. पण माझ्यासाठी म्हणून एक पाऊल उचलू नकोस. दादा येईल, डोळे पुसेल, मी शेवटच्या घटका मोजतेय म्हणेल; त्याला चहा दे आणि परत पाठव. मी गेले असंही तो म्हणू शकेल. मी खरंच मेले तर ते तुला कल्याणी कळवेल. त्याच्या तोंडून ऐकलंस तर खुशाल समज, की आत्या जिवंत आहे आणि तुझ्याकडे यायला निघाली आहे.

तुझीच, धडधाकट,
कुसुमआत्या